एक ‘खु’ आणि दीडशे ‘बु’

आळेफाट्याला नाशिकला जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या थांबतात, तिथंच एका हॉटेलच्या भिंतीला टेकून सोमनाथची टपरी आहे. टपरीवर ‘घड्याळ दुरुस्ती’ एवढंच लिहिलेलं, तेही चौकोनी, ठोकळेबाज अक्षरात. वाचणाऱ्याला वाटावं, या गड्याचं अक्षर बेताचंच असणार. तसं मुळीच नव्हतं. एके काळी बोरी बुद्रुकमध्ये लग्नपत्रिकेचा मजकूर असो नाहीतर तलाठ्याकडं द्यायचा अर्ज, लोक सोमनाथला शोधत वस्तीवर यायचे. प्रत्येक अक्षराच्या डाव्या अंगाला तो एक बारीक, गोलसर फाटा काढायचा. त्या फाट्यानं साधं अक्षरही नटून बसल्यासारखं दिसायचं. त्या नखऱ्यानंच त्याचा घात केला.

आता सोमनाथ पासष्टीला आलाय. डोळ्याला भिंग लावलं की त्याचा हात अजून थरथरत नाही, पण भिंग लावायची वेळ कमीच येते. लोक येतात, ‘सेल टाका’ म्हणतात, आणि सेल टाकेपर्यंतही त्यांना दम नसतो. आजूबाजूच्या टपऱ्यांनी मोबाइलची कव्हरं टांगली, चार्जर विकायला घेतले. सोमनाथला लोकांनी सुचवून पाहिलं, त्यानं मान हलवून सोडून दिलं. काम करता करता त्याची एक खोड मात्र सगळ्या स्टँडला माहीत आहे. नाशिकहून गाडी आली, की हातात काहीही असो, हा मान वर करून उतरणारी माणसं बघणार. शेवटचा माणूस उतरला की पुन्हा खाली. बायको यशोधरा डबा घेऊन आली की म्हणते, “तुमी घड्याळं दुरुस्त करता का एस्ट्या मोजता?” तो हसतो. कुणाची वाट बघतो हे तिलाही माहीत आहे, म्हणून तीही जास्त ताणत नाही.

वाट बघतो तो सुदर्शनची. पस्तीस वर्षं.

सुदर्शन गावातल्या बागायतदाराच्या घरचा, सोमनाथ बौद्धवस्तीतला. शाळेत दोघं एका बाकावर बसले आणि तो बाक सुटला तरी ते बसणं काही सुटलं नाही. सोमनाथ पुण्याला एका घड्याळजीच्या हाताखाली सहा वर्षं काढून आला, आळेफाट्याला टेबल टाकलं. सुदर्शन गावच्या दूध सोसायटीत सेक्रेटरी झाला. संध्याकाळी दूध घातलं, कॅन भरून गाडीला लागले, की सुदर्शन सायकलवर टांग टाकून आळेफाट्याला यायचा, आणि दोघांत एक भेळ व्हायची. एवढीच मौज, पण ती कधी चुकली नाही.

अठ्ठ्याऐंशी साली सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. चेअरमन सयाजी पाटलांच्या मनात आलं, की सभासदांना स्टीलची भांडी वाटण्यात काय अर्थ आहे? ती तर प्रत्येक लग्नात मिळतात. प्रत्येक सभासदाला मनगटी घड्याळ द्यायचं, आणि तबकडीवर गावाचं नाव छापून घ्यायचं. एकशे एकावन्न घड्याळं, चावीची, पांढऱ्या तबकडीची. वर दुधाची बारीक किटली आणि खाली दोन ओळी: ‘दूध सोसायटी, बोरी बु. रौप्यमहोत्सव १९८८’. मुंबईचा एक व्यापारी हे करून देणार होता. मजकूर कागदावर लिहून पाठवायचा होता. सुदर्शन कागद घेऊन आळेफाट्याला आला.

“तू लिव,” तो सोमनाथला म्हणाला. “घड्याळावर जायचंय. माझं अक्षर म्हंजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यावानी.”

सोमनाथनं लिहिलं. जन्मात कधी लिहिलं नसेल इतकं देखणं लिहिलं. ‘बु’च्या डाव्या अंगाला आपला तो गोल फाटा काढला, जरा जास्तच लांब. मुंबईच्या छापणाऱ्याला कुठं माहीत, की हा नखरा आहे! पोटातली बारीक रेघ त्याच्या नजरेतून सुटली; त्याला डावीकडं ‘र’ दिसला, उजवीकडं ‘व’. दोन्ही मिळून ‘ख’. आणि बोरी खुर्द नावाचं गाव शेजारी नसतं तर ही चूक कुणाला एवढी झोंबलीही नसती. पण गाव आहे, हाकेच्या अंतरावर आहे, आणि यात्रेतल्या बैलगाड्यांपासून जावयांपर्यंत दोन्ही गावांची सगळ्या बाबतींत चढाओढ आहे.

समारंभाच्या दिवशी मांडवात खोकी फोडली. सयाजी पाटलांनी पहिलं घड्याळ हातात घेतलं, चष्मा चढवला, आणि माइकसमोर मोठ्यानं वाचायला लागले. “दूध सोसायटी, बोरी...” आणि थांबले. माइक चालूच होता. त्यातून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. पाहुण्यांत खुर्दचे एक पुढारी बसले होते. त्यांनी वाकून खोक्यातलं दुसरं घड्याळ उचललं, वाचलं आणि उभं राहून हात जोडले. “लई उपकार झाले, पाटील! आमच्या सोसायटीला पंचवीस वर्सं झाली, ह्ये आमाला ठावंच नव्हतं!”

हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. हसले ते पाहुणे. गावाची मान मात्र खाली गेली.

“मजकूर कुणी लिवला व्हता?” सयाजी पाटलांनी विचारलं.

सोमनाथ मांडवाच्या खांबाला धरून मागं उभा होता. त्यानं तोंड उघडलं. आवाज फुटायला क्षणभर उशीर लागला, आणि त्या क्षणात सुदर्शन म्हणाला, “मी.”

एवढंच झालं. पुढं बोलायला सोमनाथला वेळ नव्हता असं नाही. भरपूर वेळ होता. पाटील सुदर्शनला दहा मिनिटं बोलत होते. सुदर्शन खाली बघत उभा होता, आणि सोमनाथ खांब धरून. त्या खांबाला धरलेला हात त्याला अजूनही कधी कधी दिसतो.

संध्याकाळी तो सुदर्शनला गाठून म्हणाला, “मी जाऊन सांगतो. आत्ता.”

“येड्यावानी करू नको,” सुदर्शन म्हणाला. “माझ्यावर चार दिवस हसतील. तुझ्यावर हसणार न्हाईत, राव.”

त्याचा अर्थ दोघांनाही कळत होता, म्हणून कुणी तो फोडून सांगितला नाही. सोमनाथ गप्प बसला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणंच पुढं त्याला आयुष्यभर टोचत राहिलं.

घड्याळं परत घ्यायला व्यापारी तयार नव्हता. तेव्हा पाटलांनी सोमनाथलाच बोलावलं. सोसायटीच्या खोलीत बसून त्यानं अकरा दिवसांत दीडशे घड्याळं उघडली. ‘ख’मधला डावीकडचा ‘र’ पांढऱ्या रंगाच्या कणानं झाकायचा. उरला ‘व’. त्याच्या पोटात केसाएवढी तिरकी रेघ ओढायची. झाला ‘ब’. दीडशे वेळा. भिंगाखाली धरलं तरी ओळखू येणार नाही असं काम. पाटलांनी सगळ्यांना दटावलं, की याची गावाबाहेर वाच्यता नको. तरी सोमनाथच्या हाताचं नाव झालंच, मंचर-नारायणगावाहून लोक घड्याळं घेऊन यायला लागले. म्हणजे ज्यानं चूक केली त्याचा धंद्यात जम बसला, आणि ज्यानं ती अंगावर घेतली त्याचं गावातलं बूड हललं.

कारण ते चार दिवस काही संपेनात. सुदर्शनला ‘खुर्दशेठ’ नाव पडलं. लग्नात पंगतीला बसला की कुणीतरी म्हणणार, “शेठ, तुमची पंगत पल्याडच्या गावात.” पोरी बघायला गेला तर तिथंही किस्सा आधीच पोचलेला. सोसायटीचं काम सुटलं. दीड वर्ष त्यानं हसून काढलं, मग हसणं थांबलं. सिन्नरकडं दुधाच्या शीतकरण केंद्रात नोकरी मिळाली, तेव्हा पत्र्याची पेटी घेऊन तो आळेफाट्याला आला. नाशिकची गाडी लागायला वेळ होता. सोमनाथनं त्याच्या मनगटाकडं बघितलं. दीडशे झाली होती, हे एकच राहिलं होतं.

“दे, त्येवढं करून देतो. गाडी यायच्या आत व्हईल.”

“नको,” सुदर्शन म्हणाला. “एक तरी खरं राहू दे.”

गाडी आली, तो गेला. तो रागानं बोलला का प्रेमानं, हे सोमनाथला आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवसापासून त्यानं अक्षराचा फाटा सोडला. पत्र लिहायला कितीदा बसला, पण स्वतःचंच अक्षर बघून पेन खाली ठेवायचा. एकदा सिन्नरच्या स्टँडपर्यंत जाऊनही आला. उतरला, चहा प्याला, कुणाला काही न विचारता परतीच्या गाडीत बसला. विचारलं असतं तर सापडला असता, आणि सापडला असता तर बोलावं लागलं असतं. तेव्हा सोपा मार्ग एकच उरला. तो येईल म्हणून वाट बघत बसायचं.

गेल्या पौषात ऋषी टपरीवर आला. हा सयाजी पाटलांचा नातू; रौप्यमहोत्सवाच्या फजितीचा विषय त्यांच्या घरात कुणी काढायचा नाही. अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाला, आता पुण्यात नोकरीला. पोरगं गुणी, पण जुन्या घड्याळांचं भारी वेड. देशी कंपन्यांची, बंद पडलेली, कुठल्या कुठल्या समारंभात वाटलेली. तसल्या शौकिनांचा त्याचा फोनवर एक ग्रुप आहे, पुण्या-मुंबईपासून बंगळुरूपर्यंतची माणसं त्यात. बोरीच्या दूध सोसायटीचं घड्याळ म्हणजे त्या लोकांत मोठं अप्रूप. मोजकीच केलेली, त्यातली निम्मी हरवलेली. ऋषीच्या मनगटावर आजोबांचं होतं, आणि ते तो मिरवायचा.

“काका, एक गंमत दाखवतो,” तो म्हणाला आणि फोन पुढं केला. “कुणी एक बाई हे विकायला काढतेय. आपल्या सोसायटीचं म्हणून. नीट वाचा. बोरी खु.! नक्कल करणाऱ्यानं गावाचं नाव तरी धड बघायचं! ग्रुपवर सगळ्यांनी तिला धुऊन काढलंय. मीच सुरुवात केली. म्हटलं फसवताय, पोलिसांत देऊ.”

सोमनाथनं फोन हातात घेतला. पांढरी तबकडी पिवळी पडली होती. किटली तशीच. आणि खाली ते अक्षर, त्याच्याच फाट्यातून जन्मलेलं.

“बाई कुठली?” त्यानं विचारलं.

“सिन्नरची. श्रेया नाव आहे. वडलांचं घड्याळ म्हणते. वडील वारले म्हणे दीड वर्षापूर्वी. आता हे सगळेच सांगतात.”

समोर नाशिकहून आलेली गाडी थांबली. माणसं उतरायला लागली. सोमनाथनं मान वर केली नाही.

दीड वर्षापूर्वी. म्हणजे गेलं दीड वर्ष तो जी माणसं उतरताना बघत होता, त्यांच्यात सुदर्शन असणं शक्यच नव्हतं.

“काका, तुम्ही तर सगळी घड्याळं हाताळलीत, आजोबा सांगायचे,” ऋषी म्हणाला. “असलं कधी बघितलं होतं?”

आणि सोमनाथच्या तोंडून निघून गेलं, “आता काय आठवतंय, भाऊ.”

माणसाची जात बघा. पस्तीस वर्षं ज्या गोष्टीनं जाळलं, ती पुन्हा समोर आली, तर हा पुन्हा खांब धरून उभा.

“मग झालंच,” ऋषी म्हणाला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायला लागला. “ज्यांनी मूळ घड्याळं हाताळली, त्या कारागिरांनाही असं घड्याळ आठवत नाही. तेव्हा सदर बाईंचं घड्याळ बनावट...”

“थांब,” सोमनाथ म्हणाला. त्यानं हात पुढं करून फोनची काचच झाकली. “त्ये पाठवू नको. तुझ्या हातातलं काढ.”

“हे? हे कशाला?”

“काढ म्हणतो ना.”

ऋषीनं काढून दिलं. सोमनाथनं भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, यंत्र बाहेर घेतलं, काटे उचलले. पेट्रोलमध्ये काडीचं टोक बुडवलं आणि ‘बु’वर टेकवलं.

“काका! आजोबांचं आहे ते! अहो, अक्षर जाईल!”

“जाऊ दे.”

हे काम त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम होतं. काडी हळूहळू फिरत गेली. आधी पोटातली तिरकी रेघ विरघळली आणि ‘व’ उरला. मग डावीकडचा पांढरा कण सुटला. त्याखालून काळा ‘र’ वर आला. सोमनाथनं भिंग काढून ऋषीच्या हातात दिलं.

ऋषीनं कितीतरी वेळ पाहिलं. “खु,” तो म्हणाला. “म्हणजे... सगळीच?”

“सगळीच. दीडशे मी केली. त्या बाईच्या बापानं आपलं करू दिलं न्हाई. तुझ्या ग्रुपात ज्याला तुमी नकली म्हणताय, त्येवढंच एक अस्सल हाय. आन आणखी ऐक. चूक त्याची, सुदर्शनची नव्हती. कागद मी लिवला व्हता. त्यानं सगळ्या गावाम्होरं अंगावर घेतलं, आन मी हूं का चूं केलं न्हाई. तुझे आजोबा गेले, त्यांनाबी कधी सांगितलं न्हाई. आता तुला सांगतोय. लिव तुझ्या ग्रुपवर. माझं नाव घालून लिव.”

ऋषीनं भिंग खाली ठेवलं, फोन उचलला. तो वेडा घड्याळांचा होता, माणसांचा त्याला तितकासा सराव नव्हता. पण त्यानं लिहिलं. सोमनाथनं सांगितलं तसं, नाव घालून, एक शब्द न गाळता. मग त्या बाईचा नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर टाकला.

“अजून काय ऐकवायचं राहिलंय?” पलीकडून आवाज आला. रागावलेला, थकलेला. ऋषीनं माफी मागितली, दोनदा मागितली, आणि फोन सोमनाथकडं सरकवला.

“पोरी,” सोमनाथ म्हणाला, “मी आळेफाट्याचा सोमनाथ. घड्याळवाला.”

“सोमनाथकाका?” ती म्हणाली. आवाज पार बदलला होता. “म्हणजे तुम्ही आहात? मला वाटायचं, बाबा कुणाचं तरी नाव रचून सांगतात.”

“काय सांगायचा?”

“घड्याळ मी चौथीत असताना बंद पडलं. चावीच लागेना. तेव्हापासून बंदच घालायचे. ऑफिसला, लग्नाला, सगळीकडं. लोक हसायचे. इथं काय दुकानं कमी आहेत? पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, आळेफाट्याला माझा सोमनाथ आहे, तोच उघडील.”

सोमनाथनं काचेच्या खोक्यावर दोन्ही हात टेकले.

“मग आला का न्हाई?” त्यानं विचारलं. विचारायचा हक्क आपल्याला नाही हे कळूनही विचारलं.

“मीही म्हणायचे, दोन तासांचा रस्ता आहे, जाऊन या की. तर म्हणायचे, मी गेलो तर तो खजील व्हईल. त्याचं त्यानं आलेलं बरं. कशानं खजील ते मात्र कधी सांगितलं नाही.”

म्हणजे लेकीलाही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं, परक्या गावात, स्वतःच्या घरातसुद्धा सुदर्शननं ती चूक आपल्याच नावावर ठेवली होती. आणि सिन्नरला बसून तोही वाटच बघत होता. एक इकडं, एक तिकडं, मधे एस्टीचं एक तिकीट. सोमनाथला स्वतःची इतकी चीड आली, की बसल्या जागी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. त्याऐवजी त्यानं श्रेयाला सगळं सांगितलं. कागद, फाटा, मांडव, खांब.

“घड्याळ विकू नको असं मी म्हणणार न्हाई,” शेवटी तो म्हणाला. “पण बंद देऊ नको. उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो हत्यारांची पिशवी काखेत मारून नाशिकच्या गाडीत चढला. सिन्नरला श्रेया स्टँडवर न्यायला आली होती. तिशी ओलांडलेली, कपाळ बापासारखं रुंद. घरी तिनं पाणी दिलं, चहा दिला, आणि रुमालात बांधलेलं घड्याळ आणून त्याच्यापुढं ठेवलं. भिंतीवर सुदर्शनचा फोटो होता. केस पांढरे झालेले, गाल बसलेले. हा म्हातारा सुदर्शन सोमनाथनं कधी पाहिलाच नव्हता. त्यानं डोळे भरून बघून घेतलं, मग भिंग लावलं आणि झाकण उघडलं.

आत काही मोडलं नव्हतं. चावी धरून ठेवणारा एक बारका स्क्रू ढिला झाला होता, बस. तेल सुकलं होतं. पेट्रोलचे दोन थेंब, स्क्रूला अर्धा आटा. धंद्यात नवा आलेला माणूसही हे चहा निवायच्या आत करून देतो. सिन्नरच्या कुठल्याही टपरीवर झालं असतं. पंचवीस वर्षांपूर्वी झालं असतं.

घड्याळ चालायला लागलं. सोमनाथ मात्र उठला नाही. भिंग डोळ्याला तसंच लावून, पाठ वाकवून तो यंत्रावर अर्धा तास बसून राहिला. भिंगाच्या आत पाणी साचलं, त्याला काही दिसत नव्हतं. उगाच चिमटा इकडून तिकडं हलवत राहिला.

“काका,” श्रेयानं शेवटी विचारलं, “एवढं काय झालं होतं त्याला?”

त्यानं भिंग काढलं, बाहीनं तोंड पुसलं, आणि घड्याळ तिच्या हातात दिलं.

“लई अवघड काम व्हतं, पोरी,” तो म्हणाला. “तुझ्या बापानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई, त्ये बरं केलं. माझ्याबिगर कुणाच्यानं झालं नसतं.”